रिकामी बाके आणि नवे गीत : डॉ. आयझॅक वॉट्स यांची जीवनकथा



मंडळीच्या वार्षिक सभेत अलीकडे एक प्रश्न हटकून निघतो. आपणही तो ऐकला असेल. कदाचित आपणच विचारला असेल. रविवारच्या उपासनेला माणसे का येत नाहीत? मंदिर तेच, घंटा तीच, वेळही तीच; पण पुढच्या बाकांवर धूळ साचते आणि मागच्या बाकांवर तीच ठरावीक वडीलधारी माणसे दिसतात. प्रश्न निघतो खरा, पण चर्चा त्यावर फार वेळ थांबत नाही. ती लगेच उपासनेच्या पद्धतीकडे वळते. तरुणांचे म्हणणे असे की गाणी रटाळ आहेत. गिटार आणा, ढोलक आणा, म्हणजे आम्ही येऊ. वडिलांचे म्हणणे असे की मंदिर म्हणजे नाट्यगृह नव्हे. ज्या गीतांच्या आधारावर बापजाद्यांनी प्राण सोडले ती बाजूला ठेवून दोन ओळींचे कोरस दहादा म्हणणे ही उपासना कशी? दोन्ही बाजूंना राग येतो, सभा आटोपते, चहा होतो, आणि पुढच्या रविवारी बाके तितकीच रिकामी असतात.

या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. परंतु ज्याने तरुणपणी हीच तक्रार केली, ज्याच्या वाट्याला पुढे रिकामी बाके आली आणि ज्याने आयुष्याच्या उत्तरार्धात मंडळ्यांच्या ओहोटीचा प्रश्न पुन्हा एकदा हाताळला, अशा एका प्रभूच्या सेवकाची जीवनकथा मी आपणापुढे ठेवतो. डॉ. आयझॅक वॉट्स हे त्यांचे नाव. इंग्रजी ख्रिस्ती गीतांचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. त्यांचे नाव गीतसंग्रहांच्या पानांवर आपण पुष्कळदा वाचले असेल. नावामागचा माणूस मात्र फारसा कोणी पाहिलेला नाही.

१७ जुलै १६७४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील साउथॅम्प्टन या बंदराच्या गावी आयझॅकचा जन्म झाला. भावंडांत तो थोरला. वडिलांचे नावही आयझॅकच. ते तेथील स्वतंत्र मंडळीचे डीकन होते. स्वतंत्र मंडळी म्हणजे काय हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. १६६२ साली इंग्लंडच्या सरकारने कायदा करून सर्व पाळकांवर राज्यमान्य मंडळीचे प्रार्थनापुस्तक बंधनकारक केले. ज्यांच्या विवेकबुद्धीला ते मानवले नाही असे सुमारे दोन हजार पाळक मंडळ्यांतून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर जे विश्वासणारे गेले त्यांनी निराळ्या सभा भरवल्या, आणि अशा सभा भरवणे हा गुन्हा ठरला. आयझॅकच्या जन्माच्या सुमारास त्याचे वडील याच गुन्ह्यासाठी तुरुंगात होते. आई तान्ह्या बाळाला घेऊन तुरुंगाच्या दाराबाहेरील दगडावर बसत असे आणि तेथेच त्याला अंगावर पाजत असे, अशी आठवण त्या काळापासून सांगत आले आहेत.

वाचकहो, क्षणभर त्या दगडापाशी थांबा. त्या पिढीच्या लोकांना उपासनेला जाण्याची किंमत ठाऊक होती. रविवारी घराबाहेर पडलेला माणूस संध्याकाळी घरी परतेल की कोठडीत जाईल याचा नेम नसे. तरीही सभा भरत. पुढे १६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा झाला, या मंडळ्यांना उघडपणे उपासना करण्याची मुभा मिळाली, त्यांनी सभागृहे बांधली, बाके मांडली. आणि ज्या उपासनेसाठी आईबापांनी तुरुंग सोसला तिच्यात बसून त्यांचीच मुले जांभया देऊ लागली. त्या मुलांपैकी एक आयझॅक होता.

मुलगा असामान्य बुद्धीचा होता. वयाच्या चौथ्या वर्षी वडिलांनी त्याला लॅटिन शिकवावयास आरंभ केला; मागोमाग ग्रीक आणि फ्रेंच आल्या, आणि तेराव्या वर्षाच्या सुमारास तो इब्री शिकत होता. यमके जुळवण्याचा नाद तर इतका होता की घरचे लोक वैतागत. गावातील हितचिंतकांनी त्याच्या विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. परंतु ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांची दारे केवळ राज्यमान्य मंडळीच्या सभासदांना उघडी होती. आयझॅकने ती देणगी नाकारली आणि लंडनजवळ थॉमस रो यांच्या अकादमीत तो शिकला. तुरुंगाबाहेरच्या दगडाचा विसर त्याला पडला नव्हता, असेच यावरून म्हणावे लागते.

शिक्षण संपवून विसाव्या वर्षी तो घरी परतला. पुढील दोन वर्षे अभ्यासात, प्रार्थनेत आणि मंडळीत गेली. याच काळात, एका रविवारी उपासनेहून परतल्यावर, त्याने मंडळीतील गायनाविषयी वडिलांपाशी तक्रार केली. जे गायले जाते त्यात काव्य नाही, अर्थ नाही, गाणाऱ्यांच्या चेहऱ्यावर भाव नाही, असा तिचा आशय होता.

आता विचार करा, वाचकहो, आपल्या घरात विशीतला मुलगा रविवारच्या जेवणाच्या ताटावर असे बोलला तर आपण काय उत्तर देतो? हे तर डीकन होते, आणि याच उपासनेसाठी तुरुंगात गेलेले डीकन होते. मुलाच्या तोंडावर तुरुंगाची कहाणी मारणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी तसे केले नाही. तुला याहून चांगले करता येत असेल तर करून दाखव, असे त्यांनी मुलाला सुचवले. मुलाने आव्हान स्वीकारले. प्रकटीकरणाच्या पुस्तकातील वधलेल्या कोकऱ्याच्या स्तुतीचा आधार घेऊन त्याने एक गीत रचले, आणि तेच गीत त्या मंडळीत गायले गेले. लोकांनी आणखी मागितले. मग जवळजवळ दर रविवारी एक नवे गीत येऊ लागले. मला या कथेत मुलाच्या प्रतिभेइतकेच बापाचे मोठेपण वाटते. आणि ज्या मंडळीने एका पोरसवदा तरुणाची रचना उपासनेत गायली तिचेही.

मुलाची तक्रार खोटी नव्हती. त्या काळी बहुतेक मंडळ्यांत पवित्र शास्त्रातील स्तोत्रांचे पद्यरूपच तेवढे गायले जाई. सर्वांत प्रचलित पद्यरूप १५६२ साली पूर्ण झाले होते. त्यात यमक साधण्यासाठी शब्द असे पिळलेले असत की कित्येक ओळींचा अन्वय लावणे कठीण जाई. पुष्कळांना वाचता येत नसे, पुस्तके थोडी. म्हणून एक जण स्तोत्राची एक ओळ मोठ्याने वाचून दाखवी आणि मग सर्व जण ती ओळ गात. पुन्हा दुसरी ओळ वाचली जाई, पुन्हा गायन. वाक्य ओळीच्या मध्यावर तुटले की अर्थही तुटे. चाली मोजक्या आणि गती इतकी संथ की एकेका अक्षरावर दम घ्यावा लागे. हीच पद्धत एकेकाळी निरक्षरांची सोय व्हावी या दयाबुद्धीने सुरू झाली होती. सोय हळूहळू परंपरा झाली आणि परंपरा पवित्र ठरली.

मात्र दुसऱ्या बाजूचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. देवाच्या भवनात देवाने दिलेलेच शब्द गावेत, मानवाने रचलेले नव्हेत, अशी त्या लोकांची प्रामाणिक धारणा होती. तिच्यामागे आळस नव्हता. पवित्र शास्त्राविषयीचा आदर होता. लंडनमधील बेंजामिन कीच या बाप्तिस्मावादी पाळकाने आपल्या मंडळीत गीतगायन आणले तेव्हा ज्यांना ते मान्य नव्हते त्यांना गीतापूर्वी उठून जाण्याची मोकळीक ठेवण्यात आली होती; तरीही अखेरीस काही सभासद कायमचे बाहेर पडले. मंडळी गायनावरून फुटते ही गोष्ट आजची नव्हे.

आयझॅक वॉट्स यांनी १७ जुलै १६९८ रोजी, आपल्या चोविसाव्या वाढदिवशी, पहिला उपदेश केला. पुढील वर्षी लंडनमधील मार्क लेन येथील स्वतंत्र मंडळीत ते साहाय्यक म्हणून गेले. ही साधीसुधी मंडळी नव्हती. थोर ईश्वरविद्यावेत्ते जॉन ओवेन हे एकेकाळी तिचे पाळक होते. परंतु वॉट्स आले तेव्हा ते दिवस मागे पडले होते. तेव्हाचे पाळक आयझॅक चॉन्सी हे विद्वान आणि सज्जन गृहस्थ. पण मंडळीची शिस्त आणि मंडळीची व्यवस्था या विषयांवर ते इतक्या वेळा आणि इतके सविस्तर बोलत की ऐकणारे एकेक करून उठून गेले. १७०१ मध्ये चॉन्सी निवृत्त झाले. उरलेल्या लोकांनी वॉट्स यांना बोलावले. मार्च १७०२ मध्ये, राजा विल्यम मरण पावला त्याच दिवशी, त्यांनी ते पाचारण स्वीकारले. स्वतंत्र मंडळ्यांना सहिष्णुता देणारा राजा गेला होता, पुढे काय वाढून ठेवले आहे ते कोणास ठाऊक नव्हते, प्रकृती आधीच ढासळलेली होती, आणि मंडळीची बाके रिकामी होती.

वॉट्स यांचे दर्शनी रूप प्रभाव पाडणारे नव्हते. उंची जेमतेम पाच फूट, शरीर कृश, डोके त्या मानाने मोठे. एका कवयित्रीने त्यांच्या काव्यावर लुब्ध होऊन मैत्री केली, पण प्रत्यक्ष भेटीनंतर विवाहाची मागणी मात्र नाकारली. ते अखेरपर्यंत अविवाहित राहिले. अशा या लहानखुऱ्या माणसाच्या उपदेशाला लोक पुन्हा येऊ लागले. जागा अपुरी पडून १७०४ मध्ये मंडळीला दुसरीकडे जावे लागले आणि १७०८ मध्ये बरी स्ट्रीटवरील नव्या सभागृहात तिचे बस्तान बसले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गीतांमुळे बाके भरली, असे म्हणण्याचा मोह आपणा सर्वांना होईल. तरुणांना तर विशेष होईल. पण ते खरे नाही. गीतसंग्रह प्रसिद्ध झाला १७०७ मध्ये. तोवर मंडळी वाढू लागून काही वर्षे लोटली होती. लोक आले ते उपदेशासाठी. चॉन्सी मंडळीविषयी बोलत असत. वॉट्स ख्रिस्ताविषयी आणि ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाविषयी बोलत. त्यांचा देह वारंवार अंथरुणाला खिळे, म्हणून १७०३ पासून सॅम्युएल प्राइस हे साहाय्यक मिळाले. दोघांनी कित्येक वर्षे मनाला मन लावून काम केले. प्राइस यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही. तथापि भेटीगाठी, आजारी, मृत्यू, तंटे हा पाळकपणाचा रोजचा भार पुष्कळ अंशी त्यांच्याच खांद्यावर असला पाहिजे.

आता त्या १७०७ च्या संग्रहाकडे वळू. त्याचे तीन भाग होते : शास्त्रवचनांवर आधारलेली गीते, स्वतंत्र रचना, आणि प्रभुभोजनाच्या वेळी गावयाची गीते. ख्रिस्ताच्या वधस्तंभाकडे पाहत गर्वाचा त्याग करणारे त्यांचे जगप्रसिद्ध गीत या तिसऱ्या भागातील आहे. ते भोजनाच्या मेजासाठी रचले होते, हे ते गाताना ध्यानात ठेवावे.

परंतु मला आपले लक्ष वेधावयाचे आहे ते त्यांच्या रचनेच्या रीतीकडे, कारण आजच्या वादाला ती फार जवळची आहे. वॉट्स यांनी शब्द नवे दिले, पण चाली नव्या मागितल्या नाहीत. जुन्या स्तोत्रांची काही ठरलेली मापे होती. एकात आठ-सहा-आठ-सहा अशा अक्षरांच्या चार ओळी, दुसऱ्यात चारही ओळी आठांच्या, तिसऱ्यात सहा-सहा-आठ-सहा. जसे आपल्या अभंगाचे सहा-सहा-सहा-चार. वॉट्स यांनी आपली बहुतेक सर्व गीते याच मापांत बसवली. त्यामुळे सत्तर वर्षांच्या आजीलाही नवे गीत पहिल्याच रविवारी आपल्या ओळखीच्या चालीवर गाता येई.

दुसरी गोष्ट याहून हृद्य आहे. ओळ वाचून ओळ गाण्याची पद्धत त्यांना मुळीच रुचत नसे, आणि त्यांनी तसे लिहिलेही. पण ती एकाएकी बंद होणार नाही हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी आपली गीते अशी रचली की शक्यतो प्रत्येक ओळीत अर्थ पुरा व्हावा, वाक्य मध्येच तुटू नये. ज्या रिवाजाची त्यांना चीड होती त्याच रिवाजाने गाणाऱ्या अडाणी भावासाठी त्यांनी आपल्या काव्याला मुरड घातली. अलंकार, दूरचे संदर्भ, जड शब्द त्यांनी गीतांतून जाणूनबुजून काढून टाकले आणि ती सारी कलाकुसर आपल्या निराळ्या काव्यसंग्रहासाठी राखून ठेवली. ज्यांना काव्य लिहिता येते त्यांनाच कळेल की लिहिलेली चांगली ओळ केवळ शेजाऱ्याला समजणार नाही म्हणून खोडणे किती जिवावर येते.

१७१२ मध्ये वॉट्स यांना तापाने आणि मज्जातंतूंच्या विकाराने असे घेरले की सुमारे चार वर्षे त्यांना व्यासपीठावर जाता आले नाही. लंडनचे माजी महापौर सर थॉमस ॲबनी यांनी त्यांना हवापालटासाठी आठवडाभर आपल्या घरी नेले. तो आठवडा छत्तीस वर्षे टिकला. यजमान १७२२ मध्ये वारले तरी त्यांच्या पत्नीने आणि मुलींनी वॉट्स यांना अखेरपर्यंत घरच्या माणसासारखे सांभाळले. मंडळीनेही आपल्या आजारी पाळकाला सोडले नाही. या आश्रयात त्यांनी पुष्कळ लिहिले. १७१५ मध्ये मुलांसाठी गीते प्रसिद्ध झाली. लहानग्यांना धाकाने पाठांतर करावयास लावण्याऐवजी गोडीने शिकवावे ही त्यातील दृष्टी होती. तर्कशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ तर ज्या विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती तेथेही अभ्यासला गेला. १७२८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली.

१७१९ मध्ये त्यांचे दुसरे मोठे काम पुढे आले : दाविदाची स्तोत्रे नव्या कराराच्या भाषेत. दाविदाने ख्रिस्ताच्या आगमनानंतर स्तोत्रे रचली असती तर तो कसा गायला असता, या विचाराने त्यांनी ती पद्यात उतरवली. नाताळात जगभर गायले जाणारे त्यांचे आनंदगीत वास्तविक अठ्ठ्याण्णवाव्या स्तोत्रावर आधारलेले आहे, आणि त्यात गोठा, मेंढपाळ, मागी यांपैकी कोणीच नाही. नव्वदाव्या स्तोत्रावरील त्यांचे गीत तर इंग्रजी बोलणाऱ्या राष्ट्रांनी आपल्या शोकाच्या दिवशी गावयाचे गीत मानले.

या ग्रंथाविषयी माझे मन मात्र दुहेरी आहे, आणि ते मी लपवीत नाही. पवित्र शास्त्राचे भाषांतर हेच माझे काम असल्याने मूळ शब्दाला धक्का लागला की मी दचकतो. वॉट्स यांनी काही स्तोत्रे सोडूनच दिली. सूडाची वचने मवाळ केली. आणि कित्येक ठिकाणी इस्राएलाच्या जागी चक्क ब्रिटन घातले. आपला देश म्हणजेच देवाचे निवडलेले राष्ट्र, हा समज गीतातून किती सहज पसरतो! याचा परिणाम पुढे अमेरिकेत दिसला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील मंडळ्यांना ब्रिटनची स्तुती गाणे अशक्य झाले, आणि १७८५ मध्ये जोएल बार्लो या कवीकडून त्या जागा दुरुस्त करून घ्याव्या लागल्या. तथापि वॉट्स यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण भाषांतर करीत आहोत असा दावा त्यांनी केला नाही. ग्रंथाच्या नावातच त्यांनी ते अनुकरण असल्याचे जाहीर केले. शास्त्र हे शास्त्र आणि गीत हे गीत, ही सीमा त्यांनी पुसली नाही. आज नव्या गीतांतील प्रत्येक ओळ जणू थेट स्वर्गातून आली असे मानणाऱ्यांनी एवढे जरी घेतले तरी पुष्कळ.

विरोध झाला, आणि तो कडवट होता. लंडनमधील प्रख्यात पाळक थॉमस ब्रॅडबरी यांनी वॉट्स यांच्या रचनांची जाहीर टर उडवली. दोघांमधील पत्रव्यवहार वाचताना मन खिन्न होते. उत्तरवयात वॉट्स यांनी त्रैक्याविषयी जे लेखन केले त्यामुळे त्यांच्या शिकवणीबद्दलही शंका घेतल्या गेल्या. ख्रिस्ताचे देवत्व त्यांनी कधी सोडले नाही, असे माझे मत आहे. पण गूढाला तर्काच्या चिमट्यात धरण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

आता या जीवनातील जो भाग सहसा सांगितला जात नाही तो सांगतो. १७३० च्या सुमारास, म्हणजे वॉट्स यांची गीते कित्येक स्वतंत्र मंडळ्यांत रुळली असताना, याच मंडळ्यांना ओहोटी लागल्याची चर्चा सुरू झाली. १७३० मध्ये स्ट्रिकलंड गफ नावाच्या एका तरुण पाळकाने या ओहोटीच्या कारणांविषयी पुस्तिका काढली आणि खळबळ उडाली. तो स्वतः पुढे राज्यमान्य मंडळीत निघून गेला, हा भाग वेगळा. फिलिप डॉड्रिज यांनी त्याला उत्तर लिहिले. १७३१ मध्ये वॉट्सही पुढे आले. पाहा, वाचकहो, प्रश्न तोच होता जो आपल्या सभेत निघतो, आणि उत्तर देणारा होता इंग्लंडातील सर्वश्रेष्ठ गीतकार. आणखी नवी गीते गा, असे म्हणणे त्याला किती सोपे होते!

त्यांनी तसे म्हटले नाही. त्यांच्या पुस्तकाचा रोख जीवनातील प्रत्यक्ष भक्तीवर आहे. पाळकांना त्यांनी विचारले की तुमचे उपदेश माणसाच्या विवेकाला भिडतात की नुसते नीतीचे सुबक निबंध असतात. तुम्ही ख्रिस्त सांगता की ख्रिस्ताशिवायही सांगता येईल असे काहीतरी सांगता? आणि लोकांना विचारले की तुम्ही राज्यमान्य मंडळीपासून वेगळे राहता, तर तुमच्या जीवनात, घरात, व्यवहारात शेजाऱ्याला दिसेल असे वेगळे काय आहे? ज्या पिढीने तुरुंग सोसला तिचा वारसा सांगणाऱ्यांना हा प्रश्न झोंबणारा होता. गायनाची दुरवस्था पाहून गीत रचणारा माणूस रिकाम्या बाकांचे कारण मात्र गायनात शोधीत नव्हता. दोन्ही गोष्टी त्याने वेगळ्या ओळखल्या होत्या.

पुढे १७३७ मध्ये अमेरिकेतील नॉर्दॅम्प्टन गावी झालेल्या जागृतीचा जोनाथन एडवर्ड्स यांनी लिहिलेला वृत्तान्त वॉट्स यांनी जॉन गाइज यांच्यासह लंडनमध्ये छापवून घेतला. साठी उलटलेला हा पाळक समुद्रापलीकडच्या एका खेड्यात मंदिर कसे भरले याची बातमी आपल्या देशाला देत होता. त्याच वर्षी जॉन वेस्ली यांनी अमेरिकेत आपला पहिला गीतसंग्रह छापला. त्यातील निम्म्याच्या आसपास गीते वॉट्स यांची होती. लवकरच वेस्ली आणि त्यांचे सोबती उघड्या मैदानांत, कोळशाच्या खाणींपाशी, जे कधी मंदिरात आलेच नव्हते अशा हजारोंपुढे उपदेश करू लागले.

२५ नोव्हेंबर १७४८ रोजी वॉट्स प्रभूच्या विसाव्यात गेले. बन्हिल फील्ड्स या स्वतंत्र मंडळ्यांच्या दफनभूमीत त्यांना पुरले. १७९१ मध्ये मृत्युशय्येवर असलेले जॉन वेस्ली वॉट्स यांचेच एक स्तुतिगीत गाण्याचा प्रयत्न करीत होते, असे जवळच्यांनी नोंदून ठेवले आहे.

वॉट्स यांच्या गीतांचा एक धागा आपल्या मराठी मंडळीपर्यंतही येतो. अमेरिकेतील सेलम येथील टॅबरनॅकल मंडळीत फेब्रुवारी १८१२ मध्ये पाच तरुणांची मिशनरी म्हणून दीक्षा झाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याला लागले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. ज्या मंडळ्यांनी त्यांना पाठवले त्या वॉट्स यांची गीते गाणाऱ्या होत्या. याच मिशनच्या परंपरेत पुढे रेव्ह. नारायण वामन टिळक आले. परक्या चालींवर ओढूनताणून बसवलेले शब्द मराठी कंठाला पेलत नाहीत, हे त्यांनी ओळखले आणि अभंग व भजन मंदिरात आणले. साउथॅम्प्टनच्या त्या तरुणाची तक्रार दोनशे वर्षांनी अहमदनगरला पुन्हा ऐकू आली, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

त्या पाच तरुणांची दीक्षा ज्या मंडळीत झाली तिचे पाळक होते सॅम्युएल वूस्टर. मिशनच्या त्या पाठवणाऱ्या संस्थेचे पहिले पत्रव्यवहार-सचिवही तेच. वॉट्स यांच्या काही रचना जुन्या झाल्या आहेत, काही गायल्याच जात नाहीत, म्हणून १८१५ मध्ये वूस्टर यांनी त्यांतील निवडक ठेवून, इतरांची गीते जोडून एक नवा संग्रह काढला. मंडळ्यांत एकच गदारोळ झाला. लोकांना वॉट्स हवे होते, आणि अखंड हवे होते. अखेर १८१९ मध्ये वूस्टर यांना वॉट्स पूर्णच्या पूर्ण छापून, नव्या गीतांची पुरवणी मागे जोडावी लागली. ज्या रचना एका पिढीने मानवी मनमानी म्हणून मंदिराबाहेर ठेवल्या होत्या, त्यांतले एक कडवे गाळू देण्यासही आता कोणी तयार नव्हते.